मधलं पद फोडायचं, पण अंदाजपंचे नाही

(क्ष − ३)(क्ष + २) = ६

हे समीकरण फळ्यावर लिहिलं की दहावीच्या वर्गातून एक उत्तर हमखास येतं: क्ष − ३ = ६ किंवा क्ष + २ = ६, म्हणून क्ष = ९ किंवा क्ष = ४. गंमत म्हणजे यातलं ४ बरोबर आहे. घालून बघा, १ × ६ = ६. नऊ घातले तर मात्र ६ × ११ म्हणजे ६६ येतात. रीत साफ चुकलेली आणि तरी अर्धं उत्तर बरोबर, असं हे उदाहरण आहे. पडताळ्याला मूल नेमकं ४ घेतं आणि निर्धास्त होतं, म्हणून ते जास्तच फसवं.

सरळ वाट अशी. कंस सोडवा, उजवीकडचे ६ डावीकडे आणा आणि पुन्हा अवयव पाडा:

क्ष² − क्ष − ६ = ६
क्ष² − क्ष − १२ = ०
(क्ष − ४)(क्ष + ३) = ०

म्हणून क्ष = ४ किंवा क्ष = −३. त्या चुकीच्या रीतीला −३ कधीच सापडला नसता.

फरक पडला तो उजवीकडच्या शून्यामुळे. दोन संख्यांचा गुणाकार ६ आहे एवढ्यावरून त्या संख्या कोणत्या ते कळत नाही. १ आणि ६ असतील, २ आणि ३ असतील, १२ आणि अर्धाही असेल. गुणाकार शून्य असेल तर मात्र दोघांपैकी एकाला शून्य व्हावंच लागतं. अवयव पाडून शून्यं काढण्याची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

ही गोष्ट आपण गृहीत धरतो, पण ती सगळीकडे खरी नसते. घड्याळाच्या तबकडीवरचं गणित घ्या, जिथे १२ म्हणजे पुन्हा ०. तिथे ३ × ४ = ०, आणि दोघांपैकी कोणीच शून्य नाही! त्या तबकडीवर क्ष² − ५क्ष + ६ ची शून्यं शोधली तर नेहमीची २ आणि ३ मिळतातच, शिवाय ६ आणि ११ सुद्धा मिळतात. (६ − २)(६ − ३) = १२ आणि (११ − २)(११ − ३) = ७२, दोन्ही बाराच्या पाढ्यातले. द्विघाती बहुपदीला चार शून्यं! आपल्या नेहमीच्या संख्यांमध्ये असं होत नाही, म्हणून दोन अवयव शून्याशी मांडले की काम संपतं.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण वर्गात ते एकमेकांत मिसळतात. फ(क्ष) = अ·क्ष² + ब·क्ष + क हे वर्ग फल. क्ष च्या ज्या किमतीला फ(क्ष) शून्य होतं ती किंमत म्हणजे फलाचं शून्य. तेच फल शून्याशी मांडून समीकरण केलं की त्याच किमतीला आपण समीकरणाचं मूळ म्हणतो. अवयव म्हणजे कंस. (क्ष + ३) हा अवयव आणि −३ हे शून्य. चिन्ह उलटं. अवयव बरोबर पाडून शेवटच्या ओळीत क्ष = ३ लिहिणारे वर्गात हवे तेवढे सापडतील. (अ आणि क्ष मध्ये मी टिंब देतो आहे, नाहीतर ‘अक्ष’ वाचला जाईल आणि तो आलेखात वेगळाच निघेल.)

सुरुवातीची झाडलोट

अवयवांना हात लावण्याआधी सगळी पदं एका बाजूला आणा, घातांक उतरत्या क्रमाने लावा, दशांश आणि अपूर्णांक घालवा. ०.२क्ष² − ०.५क्ष − ०.३ = ० ला दहाने गुणलं की २क्ष² − ५क्ष − ३ = ० मिळतं, आणि (२क्ष + १)(क्ष − ३) पुढच्या मिनिटात दिसतात. क्ष² चा सहगुणक ऋण असेल तर उणे चिन्ह बाहेर काढा. तिन्ही सहगुणकांचा मसावि १ नसेल तर तोही बाहेर.

इथे फल आणि समीकरण यांच्यातला फरक आडवा येतो. २५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला आणि गुरुत्वत्वरण १० धरलं, तर व सेकंदांनंतरची त्याची उंची मीटरमध्ये अशी:

उ(व) = −५व² + २०व + २५ = −५(व² − ४व − ५) = −५(व − ५)(व + १)

शून्यं ५ आणि −१. चेंडू पाचव्या सेकंदाला जमिनीवर येतो, −१ ला इथे अर्थ नाही. समीकरण सोडवताना −५ ने भागून तो टाकून दिला तरी चालतं, शून्यं तीच राहतात. पण फलातून −५ टाकला तर फल बदलतं: व = ० ला २५ च्या जागी −५ येईल, म्हणजे चेंडू जमिनीखाली पाच मीटरवरून फेकल्यासारखा. पुढे आलेख काढायचा असेल किंवा सर्वांत जास्त उंची विचारली असेल तर ही चूक महागात पडते. ती उंचीसुद्धा शून्यांवरूनच निघते. अन्वस्ताचा, म्हणजे वर्ग फलाच्या वक्र आलेखाचा, शिरोबिंदू दोन शून्यांच्या बरोबर मध्यावर असतो; ५ आणि −१ चा मध्य २, आणि उ(२) = −२० + ४० + २५ = ४५ मीटर.

दोन सोपे प्रकार पटकन उरकू. स्थिर पद, म्हणजे क्ष नसलेलं पद, नसेल तर क्ष सामाईक निघतो: क्ष² = ७क्ष चं क्ष(क्ष − ७) = ० करा. दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं की शून्य हे मूळ हातचं जातं; ज्याने भागतो ते शून्य असू शकतं हे विसरल्याची ती शिक्षा. मधलं पद नसेल तर वर्गांतर: ४क्ष² − २५ = (२क्ष − ५)(२क्ष + ५). क्ष² + ९ मात्र वास्तव संख्यांत फुटत नाही. त्याचे (क्ष + ३)(क्ष + ३) असे अवयव दिसले तर ते लिहिणाऱ्याला ६क्ष कुठे गेले ते विचारा.

मुख्य काम: दोन संख्या शोधणं

आठवीपासूनची रीत सगळ्यांना पाठ असते. अ आणि क चा गुणाकार करा, ज्यांचा गुणाकार तेवढा आणि बेरीज ब एवढी अशा दोन संख्या म आणि न शोधा, मधलं पद त्यांत फोडा, दोन-दोन पदांचे गट करा. अडतं ते ‘शोधा’ या शब्दापाशी. गुणाकार १२ असेल तोवर कोणीही शोधतं. २७० आला की डोळे छताकडे जातात. आणि वर्गात इथे बहुतेक वेळा एवढंच सांगितलं जातं की सरावाने जमेल. सराव हवाच, पण शोधायलाही पद्धत आहे.

पहिल्यांदा चिन्हं ठरवा, आकडे नंतर. गुणाकार धन असेल तर दोन्ही संख्यांचं चिन्ह एकच, आणि ते ब चं. गुणाकार ऋण असेल तर चिन्हं वेगवेगळी आणि मोठ्या संख्येला ब चं चिन्ह. म्हणजे गुणाकार धन असताना आपण जोडीची बेरीज बघतो, ऋण असताना वजाबाकी. एवढं ठरलं की चिन्हं बाजूला ठेवून साध्या धन संख्यांशी खेळता येतं.

मग जोड्या क्रमाने लिहा. क्ष² + २क्ष − ४८ घ्या. गुणाकार ऋण, तेव्हा ज्यांच्यात २ चा फरक आहे अशी ४८ ची जोडी हवी. १ आणि ४८ चा फरक ४७, २ आणि २४ चा २२, ३ आणि १६ चा १३, ४ आणि १२ चा ८, ६ आणि ८ चा २. लहान संख्या वाढत जाते तसा फरक सतत घटत जातो, बेरीजही घटत जाते. त्यामुळे हवी ती संख्या ओलांडून खाली गेलात की थांबायचं, पुढे काहीच मिळणार नाही. जोड्या आठवतील तशा लिहिणाऱ्याला हे कधीच कळत नाही, आणि कुठली राहिली का ही धाकधूक शेवटपर्यंत राहते.

पण यादी करण्यापेक्षाही चांगली युक्ती मूळ अवयवांत, म्हणजे ज्या मूळ संख्यांच्या (२, ३, ५, ७…) गुणाकारातून संख्या बनते त्यांत आहे. ती फारशी शिकवली जात नाही याचं मला नवल वाटतं, कारण सहावीच्या मसावि-लसाविइतकीच ती सोपी आहे. तिचे दोन भाग.

एक: एखादी मूळ संख्या गुणाकाराला भागते पण बेरजेला भागत नाही, तर तिच्या सगळ्या प्रती म आणि न पैकी एकाच्याच पदरात जातात. थोड्या इकडे, थोड्या तिकडे असं होऊ शकत नाही, कारण दोघांनाही ती भागत असती तर बेरजेलाही भागली असती.

दोन: मूळ संख्या गुणाकाराला आणि बेरजेला, दोन्हीला भागत असेल तर ती म आणि न दोघांनाही भागते. मग बेरजेला तिने एकदा आणि गुणाकाराला तिच्या वर्गाने भागून लहान कोडं सोडवा आणि उत्तराला शेवटी पुन्हा गुणा.

आता २७० वाला राक्षस:

६क्ष² − १७क्ष − ४५

गुणाकार −२७०, बेरीज −१७. २७० = २ × ३³ × ५. सतराला २, ३, ५ पैकी कोणीच भागत नाही. म्हणून २ एक गठ्ठा, २७ एक गठ्ठा, ५ एक गठ्ठा, आणि गठ्ठे फोडायचे नाहीत. तीन गठ्ठे दोन हातांत वाटायच्या तऱ्हा चारच: १ आणि २७०, २ आणि १३५, ५ आणि ५४, १० आणि २७. फरक हवा १७, तो शेवटच्या जोडीत आहे. मोठ्याला ऋण चिन्ह, म्हणून −२७ आणि १०. एरवी २७० च्या आठ जोड्या आहेत. त्यातल्या चार बघाव्याच लागल्या नाहीत.

दुसऱ्या भागासाठी मघाचं ४८ पुन्हा घ्या. बेरीज २, गुणाकार −४८, दोन्ही सम. बेरीज निम्मी केली, १. गुणाकार चाराने भागला, −१२. ज्यांची बेरीज १ आणि गुणाकार −१२ अशा संख्या ४ आणि −३. दुप्पट करा: ८ आणि −६. अवयव (क्ष + ८)(क्ष − ६), शून्यं −८ आणि ६.

याच दोन भागांतून पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडणारच नाहीत हेही आधी कळतं. अ, ब, क तिन्ही विषम असतील तर हात लावू नका. गुणाकार विषम म्हणजे म आणि न दोन्ही विषम, मग त्यांची बेरीज सम, आणि ब तर विषम. ३क्ष² + ७क्ष − ५ वर घालवलेली पाच मिनिटं म्हणून वाया. तसंच क्ष² + १०क्ष + १५: पाच दोघांनाही भागतो, म्हणजे म आणि न दोघांतही एकेक ५ हवा, म्हणजे गुणाकारात २५ हवेत. १५ मध्ये २५ नाहीत, विषय संपला. पुढे महाविद्यालयात आयझेनस्टाइनची कसोटी म्हणून जे येतं त्याचं हे घरगुती रूप.

गट करताना काय बिघडतं

म आणि न मिळाले की उरलेलं काम यांत्रिक आहे, पण गुण जास्त तिथेच जातात.

६क्ष² − २७क्ष + १०क्ष − ४५
= ३क्ष(२क्ष − ९) + ५(२क्ष − ९)
= (२क्ष − ९)(३क्ष + ५)

शून्यं ९/२ आणि −५/३. मधली दोन पदं उलट क्रमाने लिहिली तर २क्ष(३क्ष + ५) − ९(३क्ष + ५) होतं, उत्तर तेच. क्रम कोणताही घ्या, म आणि न बरोबर असतील तर दोन्ही कंस जुळणारच. याचं कारण बघण्यासारखं आहे. (च·क्ष + ट)(ज·क्ष + ठ) चा विस्तार केला की क्ष² चा सहगुणक च·ज, स्थिर पद ट·ठ, आणि मधलं पद च·ठ आणि ट·ज या दोन तुकड्यांची बेरीज. त्या दोन तुकड्यांचा गुणाकार च·ठ·ट·ज, म्हणजे च·ज गुणिले ट·ठ, म्हणजेच अ·क. मधलं पद फोडताना आपण हेच दोन तुकडे पुन्हा वेगळे करतो. म्हणून कंस जुळले नाहीत तर रीतीला दोष न देता चिन्ह तपासा.

चिन्ह बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घसरतं. ४क्ष² − २३क्ष + १५ घ्या. गुणाकार ६०, म्हणजे ४ × ३ × ५. तेविसाला २, ३, ५ भागत नाहीत, तेव्हा गठ्ठे ४, ३, ५. बेरीज २३ देणारी जोडी २० आणि ३. गुणाकार धन आणि ब ऋण, म्हणून दोन्ही ऋण.

४क्ष² − २०क्ष − ३क्ष + १५
= ४क्ष(क्ष − ५) − ३(क्ष − ५)

दुसऱ्या गटातून −३ बाहेर काढल्यावर +१५ चे आत −५ होतात. घाईत ते +५ राहतात, कंस जुळत नाहीत, आणि मग ‘हे गणित चुकीचं छापलंय’. सवय अशी लावून घ्या की तिसरं पद ऋण असेल तर उणे चिन्हासकट सामाईक काढायचं आणि चौथ्याचं चिन्ह आत उलटवायचं. इथे अवयव (क्ष − ५)(४क्ष − ३), शून्यं ५ आणि ३/४.

पडताळ्यासाठी एक आडवाट आहे. म आणि न हातात आले की शून्यं थेट −म/अ आणि −न/अ असतात, गट करण्याची गरजच नाही. ६क्ष² − १७क्ष − ४५ ला म = −२७, न = १०, म्हणून शून्यं २७/६ आणि −१०/६, म्हणजे ९/२ आणि −५/३. असं होतं कारण अ·क्ष² + ब·क्ष + क ला अ ने गुणलं की (अ·क्ष + म)(अ·क्ष + न) मिळतं. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, तेव्हा उत्तरपत्रिकेत गट करूनच दाखवा. ही वाट कच्च्या कामासाठी. आणि अ ने भागायला विसरू नका. ही युक्ती अर्धवट ऐकलेले लोक २७ आणि −१० हीच शून्यं लिहून मोकळे होतात.

जोडी सापडतच नसेल तर

मिनिटभर शोधून जोडी मिळाली नाही तर विवेचक काढा: ब² − ४·अ·क. सहगुणक पूर्णांक असताना विवेचक पूर्ण वर्ग असेल तर आणि तरच पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडतात. ६क्ष² − १७क्ष − ४५ साठी २८९ + १०८० = १३६९ = ३७². हा ३७ म्हणजे −२७ आणि १० यांच्यातला फरक. विवेचकाचं वर्गमूळ हे नेहमी म आणि न यांच्यातलं अंतर असतं. बेरीज −१७, अंतर ३७. बेरीज आणि फरक माहीत असले की संख्या कोणीही सांगेल. (−१७ + ३७)/२ = १० आणि (−१७ − ३७)/२ = −२७. सूत्र पद्धत, म्हणजे क्ष = (−ब ± √(ब² − ४·अ·क))/(२·अ), याहून वेगळं काही करत नाही. तीत म आणि न शोधत बसण्याऐवजी काढले जातात, एवढंच.

विवेचकाच्या शेवटच्या अंकाकडे बघायला विसरू नका. पूर्ण वर्गाच्या एककस्थानी २, ३, ७, ८ कधीच नसतात. क्ष² − ५क्ष + २ चा विवेचक १७. सातवर संपला, तेव्हा सरळ सूत्राकडे वळा.

विवेचक शून्य आला तर म आणि न सारखे, दोन्ही अवयव एकच, आणि अन्वस्त क्ष-अक्षाला छेदत नाही, फक्त टेकतो. विवेचक ऋण आला तर अन्वस्त अक्षापर्यंत पोचतच नाही.

करणी असलेली गणितं

दहावीत करणीवालं एखादं गणित असतंच आणि ते बघून मुलं बिचकतात. √३क्ष² + ८क्ष + ४√३ बघा. गुणाकार √३ × ४√३ = १२, करणी नाहीशी झाली. बेरीज ८, म्हणून ६ आणि २.

√३क्ष² + ६क्ष + २क्ष + ४√३

आता पहिल्या दोन पदांतून नुसता क्ष काढला तर क्ष(√३क्ष + ६), दुसऱ्या दोनांतून २ काढला तर २(क्ष + २√३). कंस वेगळे दिसतात आणि माणूस थांबतो. खरं तर ६ मध्ये √३ दडलेला आहे, ६ = √३ × २√३. तो बाहेर काढा:

√३क्ष(क्ष + २√३) + २(क्ष + २√३) = (क्ष + २√३)(√३क्ष + २)

शून्यं −२√३ आणि −२/√३. करणीच्या गणितात पूर्णांकाचे असे तुकडे करायची तयारी ठेवली की बाकी काही नवीन नाही. फक्त मघाची मूळ अवयवांची युक्ती इथे जपून वापरा. अ·क चा गुणाकार आणि ब हे दोन्ही पूर्णांक आले तर ती चालते, नाहीतर नाही.

भास्कराचार्यांची माकडं आणि भुंगे

सरावासाठी गणितं हवी असतील तर भास्कराचार्यांची घ्या. जन्म १११४ चा, त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ ११५० चा; ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. ते स्वतः अशी समीकरणं अवयव पाडून सोडवत नसत. दोन्ही बाजू पूर्ण वर्ग करून मूळ काढायचं, अशी त्यांची रीत. पण त्यांच्या गणितांतले आकडे असे बेतलेले आहेत की अवयव झकास पडतात.

‘लीलावती’तले भुंगे: थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ एवढे मालतीकडे गेले, थव्याचे आठ-नवमांशही निघून गेले, आणि उरली एक भुंगी, कमळात अडकलेल्या भुंग्यासाठी गुणगुणणारी. थवा केवढा? थव्याला क्ष म्हटलं तर वर्गमूळ त्रास देतं. म्हणून थवा २य² धरा, निम्म्याचं मूळ य होईल.

य + १६य²/९ + २ = २य²

नऊने गुणून आवरलं की २य² − ९य − १८ = ०. गुणाकार −३६, बेरीज −९. तीन दोघांनाही भागतो: बेरीज −३, गुणाकार −४, संख्या −४ आणि १, तिप्पट करून −१२ आणि ३. अवयव (य − ६)(२य + ३). य = ६, थवा ७२ चा. दुसरं मूळ −३/२ घेतलं तर थवा साडेचार भुंग्यांचा होईल.

‘बीजगणिता’तली माकडं: टोळीच्या अष्टमांशाचा वर्ग एवढी वनात नाचताहेत, बारा डोंगरावर आहेत. क्ष²/६४ + १२ = क्ष, म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. ७६८ चे अवयव लिहीत बसू नका. दोन दोघांनाही भागतो, आणि एकदा नाही, चार वेळा: बेरीज ६४ ची ३२, १६, ८, ४ होते, गुणाकार ७६८ चा १९२, ४८, १२, ३. बेरीज ४, गुणाकार ३, म्हणजे १ आणि ३. सोळाने गुणा: १६ आणि ४८. इथे दोन्ही उत्तरं चालतात. सोळांचा अष्टमांश २, वर्ग ४, अधिक १२. अठ्ठेचाळिसांचा ६, वर्ग ३६, अधिक १२.

याच ग्रंथातल्या दुसऱ्या टोळीत पंचमांशातून तीन वजा करून त्याचा वर्ग एवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतं आहे. (क्ष/५ − ३)² + १ = क्ष सोडवून आवरलं की क्ष² − ५५क्ष + २५० = ०. पाचाने एकदा भागा: बेरीज ११, गुणाकार १०, संख्या १० आणि १, म्हणून ५० आणि ५. पन्नास ठीक: पंचमांश १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक एक. पाच घातले तरी समीकरण तक्रार करत नाही: १ वजा ३ म्हणजे −२, वर्ग ४, अधिक एक, ५. पण भास्कराचार्य हे उत्तर घेत नाहीत. पंचमांश एकच माकड आहे, त्यातून तीन कमी करायची कुठून, आणि अशा ऋण राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही.